पहिला आकडा

“पोरी, जरा उन्हात ये. चष्मा आत राहिलाय माझा,” तात्या नलवडे म्हणाले, आणि मी खोक्यावरचा अंगठा आणखी घट्ट दाबला.

“उन्हात कशाला तात्या? मी वाचतो की. सहाशे एकोणपन्नास.”

आमच्या गडहिंग्लजकडं बायकाही ‘मी वाचतो, मी जातो’ असंच बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये. दचकायचंच तर रकमेला दचकावं. खोक्याच्या लेबलावर छापलं होतं २६४९, आणि त्यातला दोन माझ्या अंगठ्याखाली होता.

“सहाशे एकोणपन्नास?” तात्यांनी भुवया वर केल्या. “पाय चेपायचं मशीन, विजेवर चालणारं, एवढ्यात?”

“दिवाळीचा सेल हाय.”

तात्यांनी सदऱ्याच्या खिशातून नोटा काढल्या. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते ते. नोटांना उभी घडी घालून बोटांच्या बेचक्यात धरायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. सहा शंभराच्या, दोन वीसच्या आणि नऊ सुटी नाणी त्यांनी माझ्या तळहातावर न बघता मोजली. मी त्यांची सही घेतली आणि खोकं त्यांच्या हातात देता देता लेबल अलगद सोलून घेतलं. दारामागं आक्का, म्हणजे तात्यांची बायको, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हसू आवरत होत्या की श्वास रोखून धरला होता, ते त्यांनाच ठाऊक.

कारण उरलेले दोन हजार त्यांनी दहा मिनिटांपूर्वी मागच्या बोळात मला दिले होते. एकच नोट, गुलाबी, घडी घातलेली. तेव्हा दोन हजाराची नोट चालायची. गोष्ट दोन हजार अठराच्या दिवाळीची आहे.

आता कुणी म्हणेल, नवऱ्याची एवढी भीती? तर तसं काही नव्हतं. तात्या पैशाला नाही म्हणणारे नव्हतेच. त्यांचा रोग वेगळा. कुठलीही किंमत ऐकली की ते तिची एसटीची तिकिटं करायचे. “आठशेची चादर? चौऱ्याऐंशी साली एवढ्या पैशात आख्खी गाडी भरून कोल्हापूरला नेली असती मी!” इथून जे सुरू व्हायचं ते संकेश्वर, निपाणी, कागल असे सगळे थांबे घेत जायचं, आणि ऐकणाऱ्याला मध्येच उतरायची सोय नव्हती. पैसे शेवटी मिळायचेच. पण तोवर आमटी आटून जायची.

आणि आक्का काही एकट्या नव्हत्या. माझ्या रस्त्यावरच्या निम्म्या घरांत हीच रीत होती. पार्सल घरी पोचवून पैसे रोख घ्यायचे, हे माझं काम. आमच्या हबमध्ये, म्हणजे पार्सलं वाटायच्या ऑफिसात, सहा पुरुष आणि मी एकटी बाई. पुरुष पार्सल घेऊन आला की बायका गप पैसे मोजायच्या. मी आले की मागच्या दाराशी बोलावून म्हणायच्या, “वैजू, पयला आकडा तेवढा झाक बाई.” पहिल्या आकड्याचे पैसे आधीच माझ्या हातात, उरलेले समोरच्या दारी नवऱ्याकडून किंवा सासूकडून. कंपनीला रक्कम पुरी पोचायची, घरात भांडण व्हायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ म्हणजे माझा अंगठा.

फक्त एक अडचण होती. मी अजून कच्ची होते. त्याआधी मी साड्यांना फॉल-पिको करायची. मान मोडेस्तोवर बसून दिवसाला दीडशे सुटायचे, आणि नवऱ्याचं कारखान्यातलं काम फक्त गळीत हंगामापुरतं. हबमध्ये पार्सलामागं बारा रुपये मिळत. पक्की झाले असते तर महिन्याचा पगार, पेट्रोल आणि रविवारची सुट्टी. आमचे हबप्रमुख तानुगडे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “पोवार बाई, दिवाळीपर्यंत बघतो. गिऱ्हाइकाची एक तक्रार आली की तुम्ही घरी. आणि दुसरं, जमा झालेल्या कॅशमध्ये स्वतःचा पैसा मिसळायचा नाही. कमी पडले म्हणून जो आज घालतो, तो उद्या काढतो.” सर वाईट नव्हते. पण त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

सोमवारी मशीन दिलं. बुधवारी दुपारी तात्यांचा फोन.

“वैजू, स्टँडसमोरच्या कट्ट्यावर ये. मोठी ऑर्डर हाय!”

त्या कट्ट्यावर एसटीचे पेन्शनर बसतात. चालक, वाहक, मेकॅनिक, सगळे मुरलेले. मी गेले तर अकरा म्हातारे ओळीनं बसलेले आणि मधोमध तात्या, मांडीवर जुनी चामडी कंडक्टर-पिशवी.

“मोज,” तात्यांनी पिशवी माझ्यापुढं उघडली. “सात हजार एकशे एकोणचाळीस. अकरा गुणिले सहाशे एकोणपन्नास. सुट्ट्यासकट.”

“कशाचे?”

“मशीनचे! आमच्या हिचं मशीन मी दोन दिवस बघतोय. पाय ठेवले की ही डोळे मिटून अशी बसती, जसं काय पहिल्या सीटवर खिडकी मिळाली. या समद्यांना सांगितलं. पुढच्या गुरुवारी पाडवा हाय. बायको ओवाळंल तवा ताटात काय टाकायचं, दरसाल तीच पंचाईत. म्हटलं, औंदा समद्यांनी मशीन टाकायचं. सहाशे एकोणपन्नासात बायको खूश, आणखी काय पाहिजे?”

अकरा माना डोलल्या. त्यांतले कित्येकजण जन्मात पहिल्यांदा बायकोसाठी काही विकत घेणार होते, ते तोंडांवर दिसत होतं. मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. अकरा गुणिले दोन हजार म्हणजे बावीस हजार. एवढा मोठा अंगठा मी कुठून आणू?

“तात्या, स्टॉक संपला असंल,” मी म्हणाले.

“थांब, बघतो की,” असं म्हणून टोकाला बसलेल्या बाबूराव ड्रायव्हरांनी मोबाइल काढला. नातवानं शिकवलं होतं. दोन मिनिटं बोटानं वरखाली केल्यावर ते म्हणाले, “स्टॉक हाय की. पण तात्या, हितं तर सव्वीसशे एकोणपन्नास दाखवतंय.”

बाकीचे दहा जण मोबाइलवर वाकले.

“मोबाइल चुकतोय तुझा,” तात्या म्हणाले.

“मोबाइल कशाला चुकंल? तुझी जीभ सैल हाय. उचलली आणि लावली टाळ्याला. सव्वीसशेची वस्तू सहाशेला मिळाली म्हणं!”

“बाबू, मी माझ्या हातानं मोजून दिलेत. ही पोरगी साक्षीला हाय. सांग ग!”

अकरा जोड्या डोळे माझ्याकडं वळले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. खरं सांगावं तर आक्का चारचौघांत उघड्या पडणार. गप्प बसावं तर तात्या फेकू ठरणार, आणि बत्तीस वर्षांत ज्या माणसाच्या पिशवीत एका रुपयाचा फरक आला नाही त्याला हे लोक आयुष्यभर चिडवणार. मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हणाले, “चूक माझी, तात्या. वाचताना पयला आकडा सुटला. वरचे दोन हजार मग मी घातले.”

वाटलं, झालं, मिटलं. पण तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“तू घातलेस? खिशातनं?”

“व्हय.”

“पार्सलामागं किती मिळत्यात तुला?”

“बारा.”

तात्यांच्या डोळ्यांपुढं हिशेब धावला. “म्हणजे एकशे सदुसष्ट पार्सलं फुकट वाटलीस? माझ्या बायकोच्या पायांसाठी?” ते ताडकन उठले. “चल. उठा रे समदे.”

“कुठं तात्या?”

“तुझ्या साहेबाकडं. पैसे तर भरणारच, पण असली प्रामाणिक पोरगी त्यांच्या पदरी हाय ते त्यांना कळलं पाहिजे!”

मी हातापाया पडले. तात्या, नको, मला पैसे नकोत, सरांना सांगू नका. जेवढी नको म्हणत होते तेवढी मी त्यांच्या नजरेत थोर होत चालले होते. बारा म्हातारे पुढं आणि मागं मी मोपेड ढकलत, अशी वरात भर बाजारपेठेतनं हबपर्यंत गेली. आकाशकंदील विकणाऱ्या एकानं विचारलं, “मोर्चा कशाचा?” बाबूराव म्हणाले, “सत्काराचा.”

हबमध्ये तानुगडे सर पार्सलांच्या ढिगात बसून याद्या लावत होते. तात्यांनी टेबलावर दोन हजाराची कोरी नोट ठेवली आणि भाषण केलं. काय भाषण केलं! ‘कर्तव्यनिष्ठ’ हा शब्द तीनदा आला. सर ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या.

“पोवार बाई,” भाषण संपल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, “कॅशमध्ये तुम्ही स्वतःचे पैसे घातलेत?”

मी खाली मान घातली.

“पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं?”

“स्वतःचा पैसा मिसळायचा नाही.”

“मग?”

आता तात्यांना काहीतरी बिघडल्याचा वास आला. “सायेब, पोरीनं घातलेत, काढले न्हाईत.”

“आमच्याकडं दोन्हीला एकच नियम आहे, तात्या,” सर म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्यांनी माझी सोमवारची स्लिप काढली. कुठल्या किती नोटा जमा केल्या ते आम्ही रोज संध्याकाळी स्लिपवर लिहून देतो. सरांचं बोट खाली खाली आलं आणि थांबलं.

“दोन हजाराची एक,” ते म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी ड्रॉवर ओढला. “हीच ना ती? कॅश न्यायला आलेल्या माणसानं डाग बघून घेतली नाही. मी तुम्हालाच परत देणार होतो, बदलून आणा म्हणून.”

त्यांनी ती गुलाबी नोट टेबलावर, तात्यांच्या कोऱ्या नोटेशेजारी ठेवली. तिला मधोमध उभी घडी होती. एका कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

तात्या वाकले. खिसे चाचपून त्यांनी चष्मा काढला, घातला. नोट उचलली, घडीवरून नख फिरवलं. कुंकवाचा डाग नाकाजवळ नेला.

“ही माझी घडी हाय,” ते म्हणाले. “गेल्या पाडव्याला मी हिच्या ताटात टाकलेली. टाकताना कुंकवाच्या कोयरीत पडली, तर ही केवढी ओरडलेली.” मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. “ही तुझ्याकडं कशी आली, वैजू?”

बोलायचं तरी काय? आक्कांचं नाव माझ्या तोंडून जाणार नव्हतं आणि दुसरं कुठलं नाव तिथं बसत नव्हतं. गप्प राहण्यातच सगळं सांगून झालं.

तात्या खुर्चीवर बसले. मला वाटलं, संतापले. माझी नोकरी तर गेलीच होती; आता आक्कांची दिवाळीही मी नासवली, याचं मला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात तात्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं खोकताहेत. मग त्यांनी मांडीवर जोरात थाप मारली.

“बाबू! अरं बाबू! माझं भाषण ऐकायला लागू नये म्हणून बाईनं दोन हजार मोजले रे! पदरचे! आजवर मी फुकट देत होतो!”

आणि ते असे हसले की टेबलावरचे कागद उडाले. बाबूराव हसले, मेकॅनिक हसले. कुणीतरी म्हणालं, “तात्या, चोवीस तासांत माफी माग वहिनींची,” तर तात्या डोळे पुसत म्हणाले, “माफी न्हाई मागत. ही नोट मी घेतो आणि ती कोरी सायेबांना ऱ्हाऊ दे. पाडव्याला परत हीच टाकतो ताटात. बघतो तोंड कसं हुतंय ते.”

टाकलीही. आक्कांनी मला नंतर सांगितलं. नोट बघून त्या ओवाळायचंच विसरल्या म्हणे. तात्या फक्त म्हणाले, “ते मशीन जरा हिकडं सरकव. पाय माझेबी दुखत्यात.”

पण हबमधलं अजून संपलं नव्हतं. हसता हसता बाबूराव एकदम गप्प झाले. “वैजू,” ते म्हणाले, “आमच्या घरी ती इस्त्री आलेली. मी साडेतीनशे दिलेले. ती...”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळ्या पेन्शनरांचे चेहरे बदलले. प्रत्येकाला आपापल्या घरातली स्वस्तातली कुठली ना कुठली वस्तू आठवत होती. एकाला कुकर आठवला, एकाला भिंतीवरचं घड्याळ. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पंख्याकडं बघायला लागले.

“बास,” तानुगडे सर म्हणाले. “म्हणजे पैसे घातले नाहीत, हे ठीक झालं. पण गिऱ्हाइकाला रक्कम चुकीची सांगितली, हे खरं. तात्या, तुमची तक्रार असेल तर लेखी द्या.” आणि त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला.

तात्यांनी तो घेतला, पेन घेतलं आणि लिहायला लागले. हसू आवरून, गंभीर तोंडानं, अपघाताचा रिपोर्ट लिहावा तसं. एकेक ओळ लिहीत होते आणि माझं काळीज एकेक पायरी खाली जात होतं. अर्धं पान झालं. मग त्यांनी सही केली आणि कागद शेजारी दिला. बाबूरावांनी वाचला, सही केली. असा तो कागद अकराही जणांतून फिरून सरांपुढं आला. सरांनी तो मोठ्यानं वाचला.

“आम्ही खाली सह्या करणारे एसटीचे बारा निवृत्त कर्मचारी तक्रार करतो की, श्रीमती वैजयंता पोवार यांना आपण अद्याप पक्कं केलेलं नाही. त्यांच्यामुळे आमच्या घरांत शांतता नांदते. सदर तक्रारीची तातडीनं दखल घ्यावी.”

सरांनी कागद खाली ठेवला. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते म्हणाले एवढंच, “बघतो.”

मशीनांची ऑर्डर शेवटी झाली. सव्वीसशे एकोणपन्नासनं, अकराच्या अकरा. “कोल्हापूरच्या किती फेऱ्या झाल्या असत्या,” असं तात्यांच्या ओठांवर आलेलं मी बघितलं. त्यांनी ते गिळलं. जाताना एकेक म्हातारा माझ्याजवळ थांबला आणि कानाशी येऊन एकच वाक्य बोलला, “आमच्या घरी देताना सहाशे एकोणपन्नासच सांग हां. खरी किंमत कळली तर बायको मला घरात घ्यायची न्हाई.” अकरा जणांनी अकरा वेळा. प्रत्येकाला वाटत होतं की आपणच तेवढे हुशार.

सगळे गेले. हबमध्ये मी आणि सर उरलो. सर पार्सलांची यादी हातात घेऊन बसले होते, पण वाचत नव्हते. बाहेर कुणीतरी सुरसुरी पेटवली, विझली.

“पोवार बाई,” ते म्हणाले, “दार जरा लोटा.”

मी लोटलं.

“गेल्या आठवड्यात आमच्या घरी एक मिक्सर आला. तुम्हीच दिलात.”

“व्हय सर.”

“मी ड्यूटीवर होतो. आमच्या मिसेसनी मला एक आकडा सांगितलाय.” त्यांनी घसा खाकरला. “इथं कॉम्प्युटरवर मला खरा आकडा काढता येतो. पण ते बरं दिसत नाही. म्हणून तुम्हाला विचारतोय. कितीचा होता?”

माझ्यापुढं तो बारा सह्यांचा कागद पडलेला होता. त्याच्याशेजारी पक्क्या करायच्या माणसांचा फॉर्म, त्यावर माझं नाव लिहिलेलं, फक्त सरांची सही बाकी. एक आकडा सांगायचा अवकाश. हे माझे वरिष्ठ, विचारणारे तेच, आणि सांगितलं असतं तर कुणाला कळणारही नव्हतं. घरी नवरा वाट बघत होता. तरी मला त्या वहिनींचा चेहरा आठवला. मागच्या दारात, ओल्या हातानं नोटा देताना त्या लाजून हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “तुमचेच साहेब आहेत, सांभाळा हं.”

“सर,” मी म्हणाले, “ते मी सांगणार नाही.”

“मी तुमचा साहेब आहे.”

“म्हणून तर. तुम्हाला सांगितलं तर उद्या मला मागच्या दारानं कोण बोलावंल?”

सरांनी हातातली यादी बाजूला ठेवली. मला वाटलं, गेली नोकरी, आणि या खेपेला खरोखर गेली. पण खरं सांगते, त्या क्षणी मला जेवढं ताठ उभं राहता आलं तेवढं आयुष्यात आधी कधी आलं नव्हतं.

त्यांनी फॉर्म ओढला, सही केली, शिक्का मारला. आणि मग शाळेतलं पोर पकडलं गेल्यावर हसतं तसं हसून म्हणाले, “सोमवारपासून पगारी. आणि मी विचारलं होतं, हे घरी सांगू नका.”

मी बाहेर येऊन मोपेडवर बसले आणि किल्ली लावायच्या आधी एकटीच खो खो हसत सुटले. हसता हसता रडले, आणि मग परत हसले. आज त्याच हबच्या त्याच टेबलामागं मी बसते. तानुगडे सर बदली होऊन साताऱ्याला गेले, दरवर्षी पाडव्याला त्यांचा फोन येतो, शुभेच्छा देतात आणि फोन ठेवता ठेवता विचारतात, “पोवार बाई, त्या मिक्सरचं काय?”

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.